गम खा म्हणजे काय लिहू?

१२ सप्टेंबर १९७९, बुधवार

आज बालवाडी उघडली. पोरं रांगेत बसली, मी हात धुतले का ते पाहिलं, सुकडी वाटली, गाणं म्हणवून घेतलं. पोरांना घरी धाडल्यावर हजेरीच्या जुन्या वहीत कोरी पानं सापडली, त्यांच्यावर हे लिहायला बसले आहे. सातवी पास आहे, लिहिता येतं. आणि बोलायला तोंड उघडलं की समोरचा माणूस म्हणतो, "गम खा."

जे झालं ते एकदा सरळ लिहून ठेवते. पोळ्यानंतरच्या मंगळवारी, २८ ऑगस्टला, आमच्या घाटावरून पलीकडच्या बपेऱ्याच्या बाजाराला डोंगा निघाला. डोंगा घाटाच्या ठेकेदाराचा, भैय्यालालजींचा, चालवणारा मुरारी, माझा नवरा. नदी दोन्ही काठ भरून होती. डोंग्यात मुरारी सोडून सोळा माणसं, वर तांदळाची पोती, दोन बकऱ्या. मधल्या धारेत तळाची फळी निघाली. पंधरा जण वाचले. शकुनबाई नावाची नवी सून बुडाली, आणि मुरारी. तो तिसऱ्या दिवशी खालच्या वाळूत सापडला.

तो होता तेव्हा मी त्याचं नाव कधी तोंडातून काढलं नाही. आमच्यात काढत नाहीत. वहीत काढते आहे. मुरारी, मुरारी.

रविवारी तेरवीला सरपंच सगळ्यांसमोर म्हणाले, "काय संयम आहे या बाईचा! एक आसू नाई काढला." बाया माझ्याकडे पाहायला लागल्या. मला बरं वाटलं. खोटं कायले लिहू? बरंच बरं वाटलं.

१५ सप्टेंबर

इतवारी, माझा दीर, घाटावरून आला तो खाली मान घालून बसला. भैय्यालालजींच्या दुकानात बोलणं चाललं आहे म्हणे, की मुरारी पिऊन होता, म्हणून डोंगा धारेला आडवा गेला. पोलीस पाटलापर्यंत हेच गेलं आहे.

"आणि तू काय म्हणाला?" मी विचारलं.

"मी काय म्हणू वहिनी? त्यायच्याच डोंग्यावर काम करतो मी."

मी उठले. तिथेच जाऊन विचारते म्हटलं. सासूने, म्हणजे बायाबाईने, माझ्या पदराला धरलं. "गम खा वो. मेलेल्याले कोणाचा बोल लागत नाई."

मुरारी पीत नव्हता असं मी म्हणणार नाही. पोळ्याला मोहाची प्याला होता आणि बैलाच्या गळ्यात पडून रडला होता. बैल दुसऱ्याचा. पण त्या मंगळवारी तो पेज पिऊन गेला होता, दुसरं काही नाही. मला पक्कं माहीत आहे. कसं माहीत आहे ते आज लिहीत नाही.

१८ सप्टेंबर

उषा सकाळी बापाचं जाळं मागत रडत होती. पाच वर्षांची आहे. माझ्या तोंडून "गम" एवढं निघालं आणि मी तोंडावर हात ठेवला. मग तिला जाळं काढून दिलं. ती त्यात गुंडाळून झोपली.

२४ सप्टेंबर

आठवडाभर कान देऊन ऐकते आहे. गम खा कोण म्हणतं आणि कोणाला? भैय्यालालजी नावाड्याला म्हणतात. नावाडी घरी येऊन बायकोला म्हणतो, बायको लेकराला. लेकरू कोणाला म्हणणार? आज आमच्या बालवाडीतली एक पोर बकरीच्या पिलाला म्हणताना ऐकली. उलट्या दिशेने म्हटलेलं एकदाही ऐकलं नाही. सरपंचांना कोणी म्हटलंय, जरा गम खा जी, असं?

माझी पोरं सुकडीसाठी भांडतात तेव्हा मीही म्हणते. दिवसातून किती वेळा, देव जाणे.

२९ सप्टेंबर

शाळेचे कवडू गुरुजी वर्गाच्या दारात उभे होते, म्हटलं विचारून घ्यावं. "गुरुजी, संयम म्हणजे काय?"

त्यांना वाटलं मी परीक्षेला बसणार आहे. खूश झाले. कपाटातून जाड शब्दकोश काढला, धूळ झटकली. "संयम म्हणजे आवर. मनाला घातलेला लगाम. माणूस स्वतःवर ठेवतो तो ताबा."

"स्वतःवर?"

"स्वतःवरच. दुसऱ्यावर ठेवला तर तो संयम कसा होईल?"

"आणि गम खा?"

गुरुजी हसले. पानं चाळली. "हे गमतीचं आहे बाई. शब्द मूळचा बाहेरचा. तिकडे गम म्हणजे दुःख. सिनेमाच्या गाण्यात असतो बघा. आपल्याकडे येता येता त्याचा अर्थ सबुरी झाला."

"म्हणजे सासूबाई मला रोज म्हणून राहिल्या, दुःख खा?"

गुरुजींनी चष्मा काढला. ते भले माणूस आहेत. म्हणाले, "शब्दांचे अर्थ असे सरळ लावू नये."

"स्वतः ठेवला तर संयम. दुसऱ्यानं ठेवायला लावला तर त्याला काय म्हणायचं, ते द्या ना शोधून."

त्यांनी खरंच शोधलं. बराच वेळ. मग शब्दकोश मिटला आणि म्हणाले, "याच्यात नाही."

६ ऑक्टोबर

भैय्यालालजी स्वतः घरी आले. आमच्या छपरीत खाट नाही, ते उभेच राहिले. सासूने लुगड्याने पाट पुसून दिला तरी बसले नाहीत.

"देख बाई," ते म्हणाले, "मुरारी माझ्या लेकरासारखा होता. जो झालं सो झालं. दिवाळीनंतर साहेब चौकशीला येऊन राहिले. तुले विचारतील. तू एवढंच म्हण, मले काही माहीत नाही. बाई माणूस आहेस, घाटावरचं तुले काय माहीत असणार? कोणी वाईट मानणार नाही."

मी म्हटलं, "तो प्याला नव्हता."

"मी कुठं म्हणतो प्याला होता? लोक म्हणतात." मग इतवारीकडे पाहून म्हणाले, "नवा डोंगा बनवायला टाकला आहे. सागाचा. त्याच्यावर इतवारीच राहीन. पण घाटच बंद पडला, तर या मोहल्ल्यातल्या किती ढिवर नावाड्यांचं काम जाईन, सोच जरा. तू समजदार आहेस. संयमवाली बाई आहेस, सारा गाव म्हणते."

सारा गाव म्हणते. तेरवीला जे ऐकून मला बरं वाटलं होतं, तेच या माणसाने माझ्यासमोर ठेवलं, लेकराच्या हातात गुळाचा खडा ठेवावा तसं.

ते गेल्यावर सासूने पाट उलटा करून ठेवला. कायले, कोणास ठाऊक.

११ ऑक्टोबर

कुंताबाई नदीवर कपडे धुताना भेटली. ती त्या दिवशी डोंग्यात होती. शकुनबाई तिची जाऊ. तिने आधी इकडे तिकडे पाहिलं आणि मग कपडे आपटत आपटत बोलली, म्हणजे लांबून कोणाला वाटावं कपडेच धुते आहे.

"मुरारीभाऊनं आपल्या हातचा बांबू माह्याकडं ढकलला. म्हणाला, धर वहिनी, सोडू नको. त्याच्या हातात काहीच नाई राहिलं मग. पिलेला माणूस असं करते का वो?"

"हे साहेबाला सांगशील?"

तिचा हात थांबला. "घरचे मारतीन." मग पुन्हा कपडे.

तिला काय बोलू? बोलायला तोंड कोणतं आहे मला?

२१ ऑक्टोबर, दिवाळी

आमच्या घरी दिवे नाहीत. उषाला कुंताबाईच्या अंगणात पाठवलं आहे. सासू भिंतीकडे तोंड करून आहे. आज लिहून टाकते.

बुडण्याच्या आदल्या दिवशी मुरारी दिवस मावळायच्या आत घरी आला. हाताला डांबर लागलेलं. म्हणाला, तळाची फळी कुजली आहे, बोटाने दाबलं तर बोट आत जाते. चिंध्या आणि डांबर भरून आलो. शेटले तीनदा सांगितलं. शेट म्हणते, पाणी उतरू दे मग पाहू. तो खूप तापला होता. "उद्या मी डोंगा काढत नाई. बाजार राहो का जावो. तोंडावर सांगतो त्याले."

मी कांदा चिरत होते. मी वर पाहिलंही नाही. म्हटलं, "गम खा. इतवारीची सोयरीक लागून राहिली, त्यातच शेटशी वाकडं कायले घेता? बाजार होऊन जाऊ द्या. मग बोला."

सकाळी दारात पुन्हा म्हणाला, "नाई जात मी." मी त्याचा दुपट्टा त्याच्या खांद्यावर टाकला आणि तेच म्हटलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाला आणि गेला. तो 'बरं' म्हणाला तेव्हा त्याचं तोंड माझ्यापासून वीतभर होतं. म्हणून मला माहीत आहे की तो प्याला नव्हता. त्याच्या तोंडाला पेजेचा वास होता.

झालं. लिहिलं.

२ नोव्हेंबर

चौदा तारखेला शाळेत चौकशी आहे. माझ्या नावाचा कागद कोतवालाने आणून दिला. इतवारी म्हणाला, "वहिनी, मले माहीत नाई एवढं म्हण. तीनच शब्द आहेत."

"आणि तू काय म्हणशील?"

"मी म्हणीन, भाऊ कधी कधी पीत होता. खोटं तर नाई ना ते?"

मी त्याच्यावर ओरडले. असं मी या घरात कधी ओरडले नाही. मडकी हलली असतील. म्हटलं, कधी कधी म्हणजे मंगळवारी नव्हे! तो उठून गेला. सासू म्हणाली, "तुले काय भेटणार आहे वो? तो तर वापस नाई येत. जित्या पोराचा घास कायले घालवतेस?"

मला काही भेटणार नाही. पण पुढे उषा मोठी होईल, कोणी विचारेल बाप कसा मेला, तर गाव काय सांगेल?

९ नोव्हेंबर

धान कापणी जोरात. बालवाडीत अर्धीच पोरं. खरं सांगायचं तर भीती वाटते. साहेबाची नाही. तो प्याला नव्हता हे तुला कसं माहीत, असं विचारलं तर दारातलं सगळं सांगावं लागेल. सगळ्यांसमोर. सासूसमोर. मले माहीत नाई म्हटलं तर भैय्यालालजी सुटतात, पण मीही सुटते.

मीही सुटते, हे लिहिल्यावर मला माझीच शिसारी आली.

१४ नोव्हेंबर

आजच लिहिते.

चौथीच्या वर्गात टेबल मांडलं होतं. साहेब तरुण, शांत. बाजूला कारकून लिहायला. खिडकीत अर्धा गाव. भैय्यालालजी खुर्चीवर. आधी इतवारीला बोलावलं. तो म्हणाला, "भाऊ कधी कधी घेत होता जी." साहेबाने विचारलं, त्या दिवशी? इतवारीने पायाच्या अंगठ्याने जमीन खरवडली. "मी पाह्यलं नाई जी." एवढंच. त्याने हो म्हटलं नाही, हे मी लिहून ठेवते.

मग मी. साहेबांनी नवऱ्याचं नाव विचारलं. खिडकीत कोणीतरी बाई माझ्याऐवजी सांगायला लागली. मीच मोठ्याने म्हटलं, "मुरारी."

"त्या दिवशी तो प्याला होता का?"

"नाही जी."

"खात्रीने कसं सांगता?"

मी सांगितलं. डांबराचे हात, कुजलेली फळी, शेटला तीनदा सांगितलेलं. भैय्यालालजी उठले, "साहेब, ही बाई दुःखात आहे," म्हणाले. साहेबांनी त्यांना हाताने बसवलं. "तो डोंगा काढत नाही म्हणत होता," मी म्हटलं. "मीच त्याला म्हणाले, गम खा. दोनदा म्हणाले. संध्याकाळी आणि सकाळी दारात. म्हणून तो गेला."

मी सासूकडे पाहिलं नाही.

कारकून लिहीत होता. लिहून झाल्यावर वाचून दाखवलं: "सदर महिलेने पतीस संयम बाळगण्याचा सल्ला दिला."

मी म्हटलं, "असं नाही म्हणाले मी."

"बाई, तोच अर्थ आहे. गम खा म्हणजे काय लिहू मग? सरकारी कागद आहे."

"संयम माणूस स्वतःवर ठेवतो. गुरुजींना विचारा. त्यानं नव्हता ठेवला. त्याला बोलायचं होतं. मी बोलू दिलं नाही. तुमच्या कागदात तर मी कोणी मोठी शहाणी बाई दिसून राहिली!"

"बाई, शांत व्हा. जरा संयम..." कारकून म्हणाला आणि थांबला.

"नाही होत शांत!" मी टेबलावर हात आपटला. दौत नव्हती म्हणून बरं, पेन पडलं. "तेरवीपासून शांतच आहे मी. भ्याले होते म्हणून शांत होते, लोकांनी त्याला संयम म्हटलं. त्याला कळत होतं फळी कुजली. तो खरं बोलून राहिला होता. शेटनी त्याला चूप केलं, मग मी केलं. शेटचंही लिहा आणि माझंही लिहा. माझं गाळून शेटचं लिहू नका, आणि शेटचं गाळून माझंही नाही."

साहेब कारकुनाला म्हणाले, "बाईंचे शब्द जसेच्या तसे घ्या. 'गम खा' अवतरणात. पुढे त्या म्हणतात तसं: मी त्याला बोलू दिलं नाही."

कारकुनाने खोडलं, लिहिलं. मी प्रत्येक ओळ वाचली आणि मग सही केली. अंगठ्यासाठी शाईची डबी पुढे सरकवली होती त्यांनी, मी पेन मागितलं.

मी वळले तर दारात कुंताबाई. तिचा नवरा मागून तिचं कोपर धरून होता. तिने कोपर सोडवून घेतलं. "साहेब," ती म्हणाली, "माहंबी लिवा."

१५ नोव्हेंबर

कुंताबाईच्या गालावर वळ आहे. ती नदीवर आली होती. म्हणाली, "बांबूचं सांगतलं मी. आता मारो, किती मारते तं." आणि कपडे एवढ्या जोरात आपटले की पाणी माझ्या तोंडावर उडालं.

सासू माझ्याशी बोलत नाही. माझ्या हातचं जेवतही नाही. स्वतःची पेज स्वतः करते आहे.

२३ नोव्हेंबर

नऊ दिवस झाले. आज बालवाडीतून आले तर सासू छपरीत धान पाखडत होती. मी बाजूला बसून दुसरं सूप घेतलं. तिने हिसकलं नाही.

सुपाकडे पाहत म्हणाली, "तू दारात म्हणलीस. तो अंगणातून मागच्या दारानं वापस आला होता माह्याकडं, माहीत आहे का तुले?"

मला माहीत नव्हतं.

"म्हणाला, माय, जाऊ का नको? चुलीपाशी होती मी. म्या बी तेच म्हणलं." तिने सूप खाली ठेवलं. "नऊ दिवसांपासून सांगीन सांगीन म्हणून राहिली. तू कशी काय बोललीस वो, एवढ्या लोकात?"

मग तिने तोंड उघडलं आणि जो आवाज काढला तो मी माणसाच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. शेजारच्या बाया धावत आल्या. एकजण म्हणायला लागली, गम... मी म्हटलं, "खबरदार. रडू द्या तिला." बाया मागे सरल्या. मग मीही रडले. शेजारी उभे होते, पाहत होते, पाहू देत. संयमवाली बाई कशी रडते ते पाहा म्हणावं. धानात नाक शिंकरलं आम्ही दोघींनी.

२० डिसेंबर

कवडू गुरुजींनी तहसीलहून कळलेलं सांगितलं. अहवालात लिहिलं आहे: डोंगा नादुरुस्त होता, माणसं जास्त होती, नावाडी प्याल्याचा पुरावा नाही, नावाड्याने आधी सूचना दिली होती. भैय्यालालजींचा ठेका काढला. तो त्यांच्या मेहुण्याने घेतला. म्हणजे तेच दुकान, तीच गादी. पण घाटावर पाटी लावायची आहे, दहापेक्षा जास्त माणसं बसवायची नाहीत.

मी गुरुजींना म्हटलं, मेहुण्याने घेतला हे मला पटत नाही, मी अर्ज करणार. गुरुजी काहीतरी म्हणणार होते, पण म्हणाले, "कागद देऊ का?"

८ जानेवारी १९८०, मंगळवार

नवा डोंगा आज पहिल्यांदा बाजाराला निघाला. सागाचा आहे, वास येतो अजून. नावाडी इतवारी. घाट चालू राहिला, त्याचं काम गेलं नाही. तरी महिनाभर तो माझ्याशी कामापुरतंच बोलतो आहे.

बालवाडीच्या सामानासाठी मलाही पलीकडे जायचं होतं. बाजाराचा दिवस, गर्दी. पाटी आहे, पण पाटी कोण वाचतं? माणसं चढत गेली. भैय्यालालजींचा मुनीम काठावरून ओरडत होता, "सरका, सरका, जागा आहे!" मी मोजत होते. बोलायचं ठरवत होते. तेवढ्यात इतवारीने बांबू डोंग्यात आडवा ठेवला आणि तो काठावर येऊन बसला. पाय पाण्यात.

"काय झालं रे?" मुनीम म्हणाला.

"चौदा आहेत."

"अरे, पाणी कमी आहे आता. काढ डोंगा. शेटले सांगू का?"

"सांगा ना," इतवारी म्हणाला. आवाज चढवला नाही. "बांबू तिथं ठेवला आहे. शेटले म्हणा, तुमी चालवा."

मुनीम शिव्या द्यायला लागला. इतवारीने बिडी काढली. आधी कुंताबाई टोपली घेऊन उतरली, मग दोन म्हातारे कुरकुरत उतरले. मी पुन्हा मोजलं. अकरा. अकरावी मीच होते, सगळ्यांत शेवटी चढलेली.

मी लुगडं वर खोचलं आणि पाण्यात उतरले.

इतवारी उठला, माझ्या हातातली पिशवी घेऊन कोरड्या वाळूवर ठेवली, आणि दहा माणसं घेऊन डोंगा काढला.

मी आणि कुंताबाई दुसऱ्या खेपेची वाट पाहत वाळूवर बसलो. बाजार अर्धा उठला असेल, तेव्हा पोहोचलो.